जखमीपाशी शिकलेली विद्या

कोल्हापूर जिल्ह्यात सीपीआर म्हटले की डोळ्यांसमोर येते ते दसरा चौकाजवळचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. पॅरामेडिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुला-मुलींना मात्र याच तीन अक्षरांचा दुसरा अर्थ आधी शिकावा लागतो. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती ठरावीक लयीत दाबून त्याचे रक्त फिरते ठेवायचे, हा तो अर्थ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वर्गात हे सारे पुतळ्यावर शिकवतात. पुतळा घाबरत नाही, त्याला उलटी होत नाही आणि त्याच्याभोवती रडणारे नातेवाईकही नसतात.

मग रुग्णवाहिकेवरची पहिली ड्युटी लागते. समजा ती हातकणंगले परिसरात लागली. कोल्हापूर-सांगली रस्ता इथून जातो. ऊसतोडणीच्या हंगामात रात्री भरलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात आणि दुचाकीस्वार मागून येऊन आदळतात. इचलकरंजीतला यंत्रमाग आणि शिरोलीतला कारखाना बोट किंवा मनगट पकडतो. पावसाळ्यात शेतात साप चावतो, पंचगंगेला पूर आला की रस्तेच बंद होतात. अशा वेळी रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात, गाडी खड्ड्यांतून जात असताना रुग्णाची नाडी शोधायची, रक्तदाब मोजायचा, शीर शोधून सलाईन लावायचे, ऑक्सिजनचा मास्क नीट बसवायचा आणि शुद्ध हरपलेल्याची मान हलू द्यायची नाही. पुस्तकात या सगळ्याला एक-एक परिच्छेद पुरतो. हाताला तो परिच्छेद पाठ व्हायला अनेक रात्री लागतात. शेजारी अनुभवी माणूस असावा लागतो आणि त्याने वेळेवर आपला हात धरून योग्य जागी ठेवावा लागतो.

हाताने शिकण्याचे मोल या तालुक्याला नवे नाही. कमवा आणि शिका ही योजना उभी करणारे कर्मवीर भाऊराव पाटील याच तालुक्यातल्या कुंभोजचे. पण जखमीपाशी बसून वैद्यकी शिकणे आणि लगेच ती दुसऱ्याला शिकवणे, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण आहे ते एका सोलापूरकराचे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

हे नाव आपल्याकडे अनेकांना चित्रपटामुळे माहीत आहे. कोल्हापुरात जन्मलेले व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः केली. त्या पडद्यावर त्याग दिसतो, प्रेमकथा दिसते, युद्ध दिसते. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी निघालेला एक नवखा डॉक्टर रणभूमीवर काय शिकला आणि पुढे त्याने ते कसे शिकवले, ही बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. आज रुग्णवाहिकेवर पहिली पाळी करणाऱ्या विद्यार्थ्याला तीच बाजू सर्वांत जवळची वाटेल.

गिरणगावातला मुलगा

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील शांताराम गिरणीत नोकरी करत. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. इचलकरंजीप्रमाणेच सोलापूरही सुताचे आणि मागाचे गाव. भोंग्यावर चालणारा दिवस आणि यंत्रावर होणाऱ्या दुखापती अशा गावात कुणाला अनोळखी नसतात.

डॉक्टरकी शिकायला ते मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. गिरणी कामगारांच्या वस्तीतले रुग्णालय असल्याने विद्यार्थ्यांना रुग्णांची वाण नव्हती. १९३६ च्या सुमारास कोटणीस डॉक्टर झाले. पुढे शस्त्रक्रियेत उच्च शिक्षण घ्यायचे, असा त्यांचा विचार होता. परीक्षा, पदवी, मग सोलापूर किंवा मुंबईत दवाखाना, असा सरळ रस्ता समोर होता.

१९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सैन्याकडे माणसे होती, पण डॉक्टर अगदी थोडे आणि औषधे त्याहून थोडी. चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या उन्हाळ्यात देशाला आवाहन केले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने वर्गणी काढली. सुमारे २२ हजार रुपये जमले आणि त्यातून एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरले.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्यामुळे युद्धभूमीची माहिती त्यांनाच होती. नागपूरचे डॉ. एम. आर. चोळकर वयाने मोठे. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. पाचवे कोटणीस. घरी आईला ही गोष्ट जड गेली, वडिलांनी मात्र पाठिंबा दिला. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले.

वर्गाबाहेरचा पहिला धडा

सप्टेंबरच्या मध्यावर पथक हाँगकाँगमार्गे कॅन्टनला पोहोचले आणि महिनाअखेरीस हँकौ शहरात दाखल झाले. जपानी सैन्य तेव्हा त्याच शहराच्या दिशेने सरकत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस ते पडले. तोपर्यंत पथकाला पुढच्या मुक्कामाकडे निघावे लागले होते. यिचांग, मग चुंगकिंग. जागा बदलत, मिळेल त्या रुग्णालयात जखमींवर उपचार करत हे पाच जण पुढे जात राहिले.

केईएममध्ये रुग्ण स्वच्छ खाटेवर डॉक्टरपुढे येत असे. सोबत परिचारिका, उकळलेली हत्यारे, दिवे, रक्त तपासायची सोय. इथे जखमी येत ते अनेक तास, कधी काही दिवस उशिरा. जखमेत माती, कपड्याचे तुकडे, बॉम्बचे कपचे. मोडलेला पाय बांधलेला नसे, त्यामुळे वाटेत हाडाची टोके मांसात घुसलेली असत. बऱ्याच जणांचा जीव मूळ जखमेपेक्षा वाटेतल्या हेळसांडीने जाई.

हा धडा वैद्यकशास्त्राने याआधीही रणांगणावरच घेतला होता. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारी याने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात घोड्यांच्या हलक्या गाड्या थेट लढाईच्या ठिकाणी नेल्या, कारण लढाई संपेपर्यंत थांबले तर जखमी उरतच नसत. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेले सैनिक सुरुवातीला शंभरातले ऐंशीच्या आसपास मरत. टॉमस स्प्लिंट नावाची लोखंडी चौकट जागेवरच बांधून पाय ताणून स्थिर करायला सुरुवात झाल्यावर हे प्रमाण वीसच्या खाली आले. कोणतेही नवे औषध नव्हते. रस्त्यावरच पाय नीट बांधायचा, एवढेच. आज रुग्णवाहिकेतल्या विद्यार्थ्याला मोडलेला पाय हलवण्याआधी स्प्लिंट लावायला सांगतात, त्यामागे हा इतिहास आहे.

चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी कळली. परत जाण्याची मोकळीक होती, घरी गरजही होती. ते परतले नाहीत. पथकाबरोबर उत्तरेकडे निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले.

गुहांमधले रुग्णालय

येनान हा कम्युनिस्टांच्या आठव्या रूट सेनेचा तळ होता. तिथले डोंगर पिवळ्या, भुसभुशीत पण उभ्या कापल्या तरी न ढासळणाऱ्या मातीचे. त्या मातीत गुहा खोदून लोक राहत. रुग्णालयही गुहांत. वरून बॉम्ब पडले तरी आत रुग्ण सुरक्षित. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जाई. औषधे मोजून वापरावी लागत.

त्या वेळची औषधेही आजच्या मानाने तुटपुंजी होती. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला अजून काही वर्षे होती. सल्फा गटातली औषधे नुकतीच आली होती आणि या भागात तीही दुर्मिळ. त्यामुळे जखम पिकू नये यासाठी हाताचीच करामत होती. जखम लवकरात लवकर उघडायची, भरपूर धुवायची, मेलेले मांस कापून काढायचे, आतले तुकडे शोधायचे आणि घाण जखम लगेच शिवून बंद न करता काही दिवस उघडी ठेवायची. किती कापायचे आणि कुठे थांबायचे, हे पुस्तक सांगू शकत नाही. जिवंत स्नायू चिमटीत धरला की आकसतो, कापला की त्यातून रक्त येते. मेलेला स्नायू तसाच पडून राहतो. हा फरक बोटांना कळावा लागतो आणि तो अनेक जखमा हाताळल्यावरच कळतो.

येनानमध्ये कोटणीसांनी दुसरीही एक गोष्ट मन लावून शिकली. चिनी भाषा. दुभाष्याच्या मदतीने निदान करता येते, पण वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला धीर देता येत नाही आणि मदतनिसाला ऐन वेळी सूचनाही देता येत नाही. काही काळातच ते चिनी बोलू, वाचू आणि लिहू लागले. त्यांना चिनी नावही मिळाले, के दीहुआ. पथकातल्या सर्वांच्या नावापुढे चीनचा अर्थ असलेले हुआ हे अक्षर जोडले गेले होते.

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. वर्षअखेरीस अटल, बसू आणि कोटणीस जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या आघाडीकडे निघाले. त्या डोंगरांत कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. पण १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून मरण पावले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या कापातून जंतुसंसर्ग रक्तात पसरला. हातमोजे पुरेसे नव्हते. जखमींना वाचवणारा माणूस एका लहानशा कापाने गेला.

आज रुग्णवाहिकेवर चढणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिली सूचना हातमोज्यांची असते. घाई कितीही असो, आधी मोजे, मग रुग्ण. नवख्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. बेथ्यून यांचे मरण आठवले की तसे वाटणार नाही.

खेचराच्या पाठीवरची शस्त्रक्रिया

बेथ्यून यांनी मागे एक पद्धत ठेवली होती. जखमी डॉक्टरकडे यायची वाट बघायची नाही, डॉक्टरने जखमीकडे जायचे. स्पेनमध्ये त्यांनी साठवलेले रक्त गाडीतून आघाडीवर नेऊन सैनिकांना दिले होते. चीनच्या डोंगरात गाडी जाईल असे रस्ते नव्हते, म्हणून खेचरावर लादायची लाकडी चौकट तयार करवून घेतली. तिच्यात हत्यारे, औषधे, पट्ट्या, सगळे कप्प्याकप्प्यांत. शंभर शस्त्रक्रियांना पुरेल एवढे साहित्य खेचरांच्या पाठीवर मावे. गावातले एखादे देऊळ किंवा घर मिळाले की थोड्या वेळात शस्त्रक्रियागृह तयार.

आजच्या रुग्णवाहिकेतही प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी कप्पे उघडून दाखवतात आणि ड्युटीच्या सुरुवातीला सामान तपासायला लावतात. सक्शन यंत्र चालते का, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, स्प्लिंट कुठे आहे. अंधारात, एका हाताने रुग्णाला धरून दुसऱ्या हाताने वस्तू काढता आली पाहिजे. खेचर गेले आणि डिझेलची गाडी आली, एवढाच काय तो फरक.

या व्यवस्थेत कोटणीस १९४० मध्ये सामील झाले. अटल तब्येतीमुळे भारतात परतले होते, पुढे बसू येनानला गेले. वुताई पर्वताच्या परिसरात पथकातले कोटणीस एकटेच उरले. १९४० च्या उत्तरार्धात मोठी लढाई पेटली. या काळात त्यांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले आणि एकदा सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत राहिले, असे त्यांची चरित्रे नोंदवतात.

या ७२ तासांचे कौतुक नेहमी होते. आरोग्याच्या सदरात मात्र एक गोष्ट सांगायला हवी. सलग २४ तास जागा असलेल्या माणसाची नजर, हात आणि निर्णय भरपूर दारू प्यायलेल्या माणसाइतके ढिले पडतात, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. कोटणीसांपुढे दुसरा डॉक्टरच नव्हता, म्हणून ते उभे राहिले. आज पाळ्या बदलायची सोय असताना एखादा विद्यार्थी किंवा चालक दोन पाळ्या सलग करत असेल, तर त्यात शौर्य नाही, धोका आहे.

शिकणारा शिकवू लागतो

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. त्याला जोडून बेथ्यून यांच्याच नावाची वैद्यकीय शाळा होती. तिथे ते शस्त्रक्रिया शिकवत. वय तीस. मुंबईहून निघून अडीच वर्षेही झाली नव्हती.

समोरचे विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले. कित्येकांचे शालेय शिक्षण जेमतेम. पाच-सहा वर्षांचा अभ्यासक्रम शिकवायला ना वेळ होता ना इमारत. जपानी तुकड्या खेडी पिंजून काढत. मग रुग्णालय आणि शाळा दोन्ही रातोरात दुसरीकडे हलवावी लागत, रुग्णांना गावकऱ्यांच्या घरात लपवावे लागे. अशा मुलांना काही महिन्यांत रक्त थांबवता आले पाहिजे, हाड बांधता आले पाहिजे, भूल देताना श्वासावर नजर ठेवता आली पाहिजे. पॅरामेडिक हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. पण कमी वेळात, कामापुरते पण पक्के शिकलेले आणि डॉक्टरच्या आधी जखमीपर्यंत पोहोचणारे हात, हीच ती कल्पना.

कोटणीसांनी शिकवले ते चिनी भाषेत. पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून शस्त्रक्रियेवर स्वतः चिनी भाषेत पुस्तक लिहिले आणि दुसरे लिहायला घेतले. हे काम लहान नाही. मराठी घरात वाढलेला, इंग्रजीतून डॉक्टरकी शिकलेला माणूस तिसऱ्याच भाषेत, युद्धाच्या धामधुमीत, खेड्यातल्या मुलांना समजेल असे शल्यशास्त्र लिहीत होता. आपल्याला येते ते दुसऱ्याच्या भाषेत सांगता आले नाही तर ते पुढे जात नाही, हे त्यांना पटलेले असावे. आजही ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याला इंग्रजी पुस्तकातली ओळ कळत नाही, पण शेजारचा अनुभवी माणूस मराठीत दोन वाक्यांत सांगतो आणि हातात दाखवतो, तेव्हा ती पक्की बसते.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात १९४० मध्ये त्यांची भेट गुओ छिंगलान यांच्याशी झाली होती. त्या त्याच शाळेत परिचर्या शिकवत. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

स्वतःच्या दुखण्याकडे पाठ

या सगळ्या काळात कोटणीसांना फिट येऊ लागल्या होत्या. वैद्यकीय भाषेत अपस्मार. मेंदूतल्या पेशींमध्ये अचानक विजेचा लोळ उठावा तसे संदेश सुटतात आणि शरीर आवळते, झटके देते, शुद्ध जाते. अपुरी झोप, अतिश्रम आणि कुपोषण यांनी फिट येण्याचे प्रमाण वाढते. कोटणीसांच्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी होत्या. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात होते, पण वेढ्यात सापडलेल्या डोंगरात नियमित औषध आणि विश्रांती मिळणे कठीण. काम मात्र थांबले नाही.

९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातल्या गेगोंग या खेड्यात एकामागून एक फिट येत राहिल्या आणि त्यातच त्यांचे निधन झाले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. लिहायला घेतलेले दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

फिट एकामागून एक येत राहणे आणि मधे शुद्ध न येणे ही आजही जिवावरची अवस्था आहे. फरक इतकाच की आज रुग्णवाहिकेत ती थांबवण्याची औषधे असू शकतात आणि रुग्णालय जवळ आहे. म्हणून या आजाराविषयी प्रत्येकाला काही गोष्टी ठाऊक असायला हव्यात. फिट आलेल्या माणसाला दाबून धरू नये. आजूबाजूच्या टणक, धारदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही, त्यात वेळ जातो. झटके थांबले की माणसाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जात नाही. आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक वेळ फिट चालली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर लगेच १०८ ला फोन करावा. ज्याला फिट येतात त्याने डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत. आजार लपवू नये. नियमित औषधांवर बहुसंख्य रुग्ण नेहमीसारखे जगतात.

मागे काय राहिले

पतीच्या निधनानंतर गुओ छिंगलान यांनी परिचर्येचे काम चालू ठेवले. त्या भारतातही येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. मुलगा यिनहुआ वडिलांप्रमाणेच वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण पंचविशी गाठतानाच, १९६७ मध्ये तोही गेला. चीनमध्ये शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मारकात कोटणीसांची समाधी आहे. भारत आणि चीन या दोन्ही देशांनी त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. शिजियाझुआंगमध्ये त्यांच्या चिनी नावाची वैद्यकीय शाळाही आहे.

समाधी, तिकीट आणि चित्रपट यांपेक्षा ही शाळा त्यांच्या कामाच्या अधिक जवळची वाटते. एका डॉक्टरने चार वर्षांत किती शस्त्रक्रिया केल्या याला मर्यादा असते. त्याने शिकवलेल्या हातांनी पुढे किती जखमा बांधल्या आणि त्या हातांनी आणखी किती हात तयार केले, याची मोजदाद होत नाही.

आपल्याकडे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. राज्यभर ९३७ गाड्या ठेवल्या गेल्या. त्यातल्या काही अत्यवस्थ रुग्णांसाठी अधिक साधने असलेल्या, बाकीच्या मूलभूत उपचारांच्या. गाड्या विकत घेता येतात. त्यांच्या मागच्या भागात बसणारे तयार हात विकत मिळत नाहीत, ते घडवावे लागतात. त्यासाठी विद्यार्थ्याला पुतळ्यावरच्या सरावाइतकीच प्रत्यक्ष पाळ्यांची गरज असते. पहिल्यांदा फक्त पाहू द्यायचे, मग देखरेखीखाली एक काम द्यायचे, चुकले तर रुग्णासमोर न ओरडता हात सावरायचा आणि रुग्ण रुग्णालयात सोपवल्यावर परतीच्या वाटेवर काय बरोबर झाले, काय चुकले, हे बोलायचे. परतीच्या प्रवासातली ती दहा-पंधरा मिनिटे हाच खरा वर्ग असतो. विद्यार्थ्याला झोप येत असली, घाबरल्यासारखे होत असले, रात्री पाहिलेला चेहरा डोळ्यांपुढून जात नसला, तर तेही याच वेळी बोलता आले पाहिजे. स्वतःच्या तब्येतीकडे पाठ फिरवण्याची किंमत कोटणीसांच्या आयुष्यात दिसते.

आपणा सामान्यांचेही यात काम आहे. अपघात दिसला तर आधी फोन करावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा आणि तो सारखा उचलून पाहू नये. मान किंवा पाठीला मार असेल तर, आग वा तशीच आपत्ती नसेल, तर माणसाला ओढून बसवू नये. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, कायद्याने त्याला संरक्षण आहे. आणि मागून सायरन ऐकू आला की गाडी बाजूला घ्यावी.

हातकणंगलेहून कोल्हापूर वीसेक किलोमीटर. रात्री रस्ता मोकळा असला तर फार वेळ लागत नाही. पण जखमीच्या दृष्टीने तो वेळ मोठा असतो आणि त्या वेळात त्याच्याजवळ बसलेला कुणीतरी विशीतला मुलगा किंवा मुलगी असू शकते, कदाचित पहिल्याच आठवड्यातली. त्यांचा हात जखमेवर योग्य जागी दाबलेला असेल, तर त्यामागे कुणीतरी त्यांना तसा दाबून दाखवलेला असतो.